बाबूराव पेंटरांचे पुतळेही पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला कोल्हापूरचे चित्रकार आणि सिनेमाकार कलामहर्षी बाबूराव पेंटरांवरचा लेख वाचला. लेखकानं मनापासून लिहिलंय, मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला. पण शेवटी ‘उत्तरायुष्यात ते शिल्पकलेकडे वळले’ एवढं एकच वाक्य आलं आणि लेख संपला. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौतीस वर्षं मोल्डर, म्हणजे धातू ओतायचे साचे करणारा, म्हणून काम केलं. वाळू, भट्टी आणि ओतकाम यांतच उमेद गेली. म्हणून त्या एका वाक्यापाशी अडलो.

‘वळले’ हा शब्दच मला पटत नाही. बाबूराव मूळचे मेस्त्री, कारागिराच्या घरातले. चुलतभाऊ आनंदराव आणि ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, त्यावरून लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पाहिल्यावर दोघांनाही सिनेमाचा ध्यास लागला. १९१६ मध्ये आनंदराव अकाली गेले. तरी बाबूरावांनी आपले सहकारी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये कॅमेरा तयार केला. हा कॅमेरा आपण ‘पहिला देशी कॅमेरा’ म्हणून मिरवतो, पण तो म्हणजे धातूचं काम होतं हे विसरतो. त्या यंत्रात फिल्म एक चौकट पुढे सरकून क्षणभर थांबली पाहिजे, थांबल्यावरच उजेड आत आला पाहिजे, आणि हे सेकंदाला सोळाएक वेळा झालं पाहिजे. एखादा दाता केसभर जरी चुकला तरी पडद्यावर चित्र नाचतं. असं काम जमायला धातूची नस कळावी लागते, नुसता कुंचला धरता येऊन भागत नाही.

पुढे तानीबाई कागलकरांनी पैसा उभा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट आला. त्यातला कीचकवध इतका खरा वाटला की ते दृश्य कापावं लागलं. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. हे सगळं आपल्या लेखात आहेच. मला त्यात एवढीच भर घालायची आहे, की रंगवलेला सपाट पडदा बाजूला सारून ज्यानं खांब, कमानी, जोती असलेले भरीव सेट उभे केले, तो माणूस शिल्पकाराच्याच डोळ्यानं पाहत होता. ‘सिंहगड’ या मूकपटाच्या वेळी, १९२३ मध्ये, कृत्रिम प्रकाश वापरला तोही त्याच नजरेनं. चेहऱ्यावर उजेड कुठून पडला की गालाचं हाड दिसतं आणि कुठून पडला की ते बुजतं, हे मूर्ती घडवणाऱ्याला आधी कळतं.

मूर्तीचं काम काय असतं ते थोडं सांगतो, कारण वाचकांना वाटतं की साचा केला, धातू ओतला, झालं. आधी शाडूत मूळ प्रतिमा. तिच्यावर प्लास्टरचा साचा, तुकड्यातुकड्यांचा. साच्याच्या आतून पाव इंचाभर मेणाचा थर. आत पोकळीत प्लास्टर आणि विटांची भुकटी. मग मेणाच्याच कांड्या लावून धातू आत यायच्या आणि हवा बाहेर जायच्या वाटा करायच्या. वरून पुन्हा लिंपण, आणि मग भट्टीत भाजणं. मेण वितळून निघून जातं, त्याच्या जागी गनमेटल, म्हणजे तांब्याचा मिश्रधातू, ओतायचं. तिथं दुरुस्तीला जागा नसते. ऐन उमेदीत एका पुतळ्याच्या ओतकामात मी स्वतः नाकाशी हवेची वाट ठेवायला चुकलो. हवा कोंडली. साचा फोडला तर कपाळ, मिशा, फेट्याचे पदर सगळं अस्सल आलेलं आणि नाकाच्या जागी खड्डा. उस्ताद एक शब्द बोलले नाहीत. नाक वेगळं ओतलं, ब्रेझिंगनं, म्हणजे पितळ वितळवून, जोडलं, आणि पुढचे चार दिवस कानस माझ्या हातात दिली. सांधा बोटाला लागेनासा झाला तेव्हाच त्यांनी मला चहा पाजला. तेव्हापासून कुठलाही पुतळा दिसला की मी आधी त्याचं नाक पाहतो.

शिवाजी चौकातून जाताना रोज हजारो लोक महाराजांना नमस्कार करतात. त्या जागी पूर्वी मुंबईचा इंग्रज गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता. बेचाळीसच्या चळवळीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हाविरे या दोघींनी तो विद्रूप केला, पुढे क्रांतिकारकांनी फोडला. चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या पुढाकारानं १९४५ मध्ये तिथे शिवरायांचा अर्धपुतळा उभा राहिला. अजून इंग्रजांचं राज्य होतं, ही गोष्ट लक्षात घ्या. घडवणारे हात बाबूरावांचे. ‘सिंहगड’मध्ये ज्यांनी शिवकाल पडद्यावर उभा केला, तेच वीसबावीस वर्षांनी महाराजांचा चेहरा घडवत होते. गेल्या आठवड्यात तिथे उभ्या असलेल्या कॉलेजच्या चार मुलांना मी विचारलं, हा पुतळा कुणी केला? एकालाही सांगता आलं नाही. बाबूराव पेंटर हे नाव मात्र चौघांनी ऐकलेलं होतं, ‘सिनेमावाले’ म्हणून. मुलांचा दोष नाही. आपणच त्यांना अर्धा माणूस सांगितला.

मूकपटांच्या रिळा बहुतेक गेल्या. ‘सैरंध्री’ आज कुणालाच पाहता येत नाही. पुतळे मात्र उभे आहेत, ऊनपाऊस सोसत, फुकट पाहायला मिळतात. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: बाबूरावांच्या शिल्पांवर एक पूर्ण पान द्या. फोटो जवळून काढा, चेहऱ्यांचे, हातांचे, वस्त्रांच्या चुण्यांचे. आणि कोल्हापुरात पुतळे ओतणारी जी जुनी माणसं अजून आहेत, त्यांच्याशी बोला. ऐंशीच्या पुढे गेलीत, पण मेणाचा थर किती आणि भट्टी किती दिवस, हे अजून तोंडपाठ सांगतात. महापालिकेनंही प्रत्येक पुतळ्याखाली अनावरण करणाऱ्यांच्या नावाशेजारी शिल्पकाराचं आणि ओतणाऱ्याचं नाव कोरावं.

छायाचित्रकार पाठवणार असाल तर सकाळी, चौकात रहदारी सुरू व्हायच्या आत पाठवा. शिडी मी आणतो.

आपला,
एक निवृत्त मोल्डर, कोल्हापूर