स्वस्त एअर पिस्तुलाचा जोर नव्हे, ट्रिगर सुधारावा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांनी १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळवले आणि त्याच स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये पदक आणले, तेव्हापासून आमच्या परभणी-नांदेडकडची मुले आणि त्यांचे पालकही नेमबाजीची आस्थेने चौकशी करू लागले आहेत. स्पर्धेसाठीचे परदेशी बनावटीचे पिस्तूल घ्यायचे म्हटले की किंमत लाखाच्या पुढे जाते. त्यामुळे बहुतेकांची नजर पाच-सात हजारांच्या आसपास मिळणाऱ्या, नळी वाकवून स्प्रिंग दाबण्याच्या साध्या देशी एअर पिस्तुलाकडे वळते, आणि हौसेने कागदावर नेम धरणाऱ्यासाठी ती निवड अगदी योग्य आहे. मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून फिटर व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झालो असून अशी पिस्तुले दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात. ती आणणाऱ्यांपैकी बहुतेकांची मागणी एकच असते : "सर, याचा जोर वाढवून द्या." ही मागणी चुकीची का आहे आणि तोच पैसा व श्रम कोठे लावावेत, हे आपल्या दैनिकातून सांगावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २० जूलपेक्षा अधिक ऊर्जा नसलेल्या एअर गनला परवाना लागत नाही. साध्या पिस्तुलाचा छर्रा सुमारे अर्धा ग्रॅम वजनाचा असतो आणि तो सेकंदाला ११० ते १२० मीटर वेगाने बाहेर पडतो, म्हणजे त्याची ऊर्जा तीन-साडेतीन जूल भरते. दहा मीटरवरील कागदाला स्वच्छ भोक पाडण्यास एवढी ऊर्जा भरपूर झाली. जाड स्प्रिंग बसवल्याने वेगात पडणारी भर अगदी थोडी असते. उलट पिस्तूल ताणणे जड होते, दट्ट्याचा (पिस्टनचा) धक्का वाढतो, चामड्याचा वॉशर लवकर फाटतो आणि नळीचा बिजागरीचा सांधा सैल पडतो. स्प्रिंगच्या पिस्तुलात आधी दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि मग छर्रा सुटतो, त्यामुळे छर्रा नळीत असतानाच हात हललेला असतो. हा धक्का वाढवणे म्हणजे पैसे मोजून नेम बिघडवून घेणे होय.

खरी अडचण असते ती ट्रिगरची. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे स्पर्धेतील एअर पिस्तुलाचा ट्रिगर ओढण्यास किमान ५०० ग्रॅम भार लागला पाहिजे, आणि अनुभवी खेळाडू त्याच्या जवळपासच तो ठेवतात. स्वस्त पिस्तुलाचा ट्रिगर मात्र दोन-अडीच किलो ओढ मागतो, तीही खरखरीत आणि अडखळत. किलोभर वजनाचे पिस्तूल एका हाताने अधांतरी धरायचे आणि त्याच हाताच्या एका बोटाने त्याच्या वजनाहून अधिक जोर लावायचा, अशा स्थितीत नळीचे टोक जागेवर राहणे कठीण असते. नेम धरण्यासाठी नळीवर असणाऱ्या पुढच्या व मागच्या साइटमधील अंतर ३० सेंटिमीटर धरले, तर साइट जुळवण्यातील अर्ध्या मिलिमीटरचा फरक दहा मीटरवर सुमारे १७ मिलिमीटर होतो. एअर पिस्तुलाच्या टार्गेटवर दहा गुणांचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटरचे असून लगतच्या दोन वर्तुळांच्या कडांमध्ये आठ मिलिमीटरचे अंतर असते. म्हणजे एका किंचित झटक्यात दोन वर्तुळे हातची जातात, आणि ती जोर वाढवून परत मिळत नाहीत.

म्हणून सुधारणेचा आरंभ ट्रिगरच्या घासणाऱ्या पृष्ठभागांपासून करावा. त्यावरील यंत्राच्या खुणा अतिशय बारीक दगडावर, कोन जराही न बदलता, घासून गुळगुळीत कराव्यात आणि मॉलिब्डेनमयुक्त ग्रीसचा पातळ थर द्यावा. एवढ्याने खरखर जाते आणि ओढ बरीच हलकी भासते. येथे एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. दट्ट्याला अडवून धरणाऱ्या दाताची पकड कमी करून ट्रिगर हलका करण्याच्या फंदात कोणीही पडू नये. पकड उथळ झाली की नळी उघडी असतानाच स्प्रिंग सुटू शकते, नळी झटक्याने वर येते आणि बोटे चिरडतात. छर्रा भरताना नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरूनच ठेवावी. दाबलेली स्प्रिंग काढण्यासाठीही योग्य क्लॅम्प लागतो. ज्याच्याकडे तो नाही त्याने पिस्तूल उघडूच नये, जाणत्या कारागिराकडे न्यावे.

ग्रिपचे, म्हणजे मुठीचे, काम मात्र घरी करता येते. कारखान्याची प्लास्टिकची ग्रिप सर्वांसाठी एकाच मापाची असते, त्यामुळे लहान हाताच्या मुलीचे बोट ट्रिगरवर सरळ पडत नाही आणि छर्रे एका बाजूला जाऊ लागतात. लाकडी भुसा मिसळलेली पुट्टी लावून, हाताचा ठसा घेऊन, वाळल्यावर कानस व पॉलिश पेपरने आकार दिला, तर दर वेळी हात त्याच जागी बसतो. साइटच्या बाबतीत पुढची पट्टी व मागची खाच यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना प्रकाशाची सारखी फट दिसली पाहिजे. खाच अरुंद असल्यास ती जपून रुंद करावी आणि दोन्ही साइट काळ्या कराव्यात, म्हणजे उन्हात चमकत नाहीत.

खरेदीच्या वेळी दुकानदाराने ओळखपत्र मागितले तर कुरकुर करू नये आणि व्यास, ऊर्जा व क्रमांक नोंदवलेली पावती अवश्य घ्यावी. नळीतून उजेडाकडे पाहून आत पेचदार खाचा आहेत याची खात्री करावी, कारण काही फार स्वस्त पिस्तुलांची नळी आतून सपाटच असते. नळी बंद करून बाजूला हलवून पाहावी. सांध्यात खेळ जाणवला तर ते पिस्तूल घेऊ नये, मग किंमत कितीही कमी असो. सपाट तोंडाचे चांगले छर्रे साध्या छर्र्यांपेक्षा काही पटींनी महाग पडतात, तरी निदान दोन-तीन प्रकार आणून आपल्या नळीला कोणते मानवतात ते आधारावर हात टेकवून तपासावे. पोलादी गोळ्या पेचदार नळीत घालू नयेत. त्या नळी खराब करतात आणि उलटून अंगावर येतात.

आमच्याकडील उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पिस्तुलाचा चामड्याचा वॉशर सुकतो आणि जोर कमी झाल्यासारखे वाटते. तेव्हा मुले सिलिंडरमध्ये इंजिनचे किंवा खोबरेल तेल ओततात. दाबलेल्या तापलेल्या हवेत ते तेल पेट घेते, मोठा आवाज व धूर होतो, आणि जोर वाढला असा समज पक्का होतो. प्रत्यक्षात वॉशर जळत असतो आणि स्प्रिंगला तडे जात असतात. चामड्यासाठी योग्य तेलाचे दोन-तीन थेंब, तेही अधूनमधून, पुरेसे आहेत. छर्रा न भरता ट्रिगर ओढणे आणि स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत पिस्तूल ठेवून देणे हेही तितकेच हानिकारक आहे.

सरावाची जागा म्हणून शेतातला आखाडा (शेतावरचा गोठा-अंगणाचा आवार) किंवा जुन्या वाड्याचा लांब सोपा चालतो, पण टार्गेटमागे चिंध्या ठासून भरलेली लाकडी पेटी आणि तिच्यामागे भक्कम भिंत असावी, दगडावर किंवा पत्र्यावर कधीही नेम धरू नये. डोळ्यांवर चष्मा हवा, छर्रे शिशाचे असल्याने खाण्यापूर्वी हात धुवावेत, आणि ने-आण करताना पिस्तूल पेटीत बंद असावे. तितर टिपण्यासाठी ते वापरणाऱ्यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ ची आठवण करून द्यावी लागते, याचे मला वाईट वाटते.

शेवटी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना एक विनंती. अनेक जिल्हा क्रीडा संकुलांत बॅडमिंटनचे सभागृह आहे आणि बॅडमिंटनचे मैदान १३.४ मीटर लांब असते, म्हणजे त्यात दहा मीटरची रेषा सहज बसते. आठवड्यातून एक-दोन सकाळी ते सभागृह अन्य खेळाडूंसाठी बंद ठेवून, छर्रे अडवणाऱ्या हलवता येण्याजोग्या पेट्या लावून आणि एका प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली स्वतःचे साधे पिस्तूल आणणाऱ्यांना तेथे सरावाची परवानगी द्यावी. पेट्या बनवण्याचे आणि येणाऱ्या प्रत्येक पिस्तुलाचा ट्रिगर सुरक्षित आहे की नाही हे तपासण्याचे काम मी विनामूल्य करण्यास तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक, परभणी