डॉक्टर आले, पण बाकीच्या पदांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसले की गावकरी टाळे ठोकतात, बातमी येते, लोकप्रतिनिधी पत्र देतात. ते योग्यच आहे. पण प्रयोगशाळा तंत्रज्ञाचे पद रिकामे पडले तर कुणी विचारतही नाही. मी आरोग्य सहायिका म्हणून नोकरी केली आहे, म्हणून हे कळकळीने लिहिते.

हिवतापाचेच घ्या. आरोग्यसेवक घरोघरी फिरून तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने घेतो. काचपट्टी तंत्रज्ञ तपासतो. व्हायव्हॅक्स प्रकारचा हिवताप निघाला तर डॉक्टर १४ दिवसांच्या गोळ्या देतात आणि रुग्ण त्या पुऱ्या करतो का, हे आशाताई बघते. तंत्रज्ञ नसेल तर काचपट्ट्या दुसऱ्या केंद्रात जातात. अहवाल हाती येईपर्यंत रुग्ण ऊसतोडीला नाहीतर वीटभट्टीवर निघून गेलेला असतो. हिवतापाची जागच्या जागी तपासणी करणाऱ्या किटमुळे थोडी सोय झाली आहे, पण क्षयरुग्णाची थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली कोण बघणार?

सगळ्यात जास्त ओढाताण होते ती आरोग्यसेविकेची. उपकेंद्रात एक स्त्री आणि एक पुरुष कर्मचारी असावा, असे केंद्र सरकारने नेमलेल्या कर्तारसिंग समितीने १९७३ मध्येच सुचवले होते. मैदानी भागात ५,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, असा निकष आहे. पुरुष कर्मचारी नसला की पाण्याचे नमुने आणि डासअळ्यांची पाहणीही तिच्याच गळ्यात पडते. लसीकरण, बाळंतपणे, ऑनलाइन नोंदी तर आहेतच. मग राहून जाते ती गरोदर बाईच्या घरची भेट, आणि अंगावरची सूज, वाढलेला रक्तदाब वेळेवर कळतो तो अशा भेटीतच.

समुदाय आरोग्य अधिकारी आल्यापासून रक्तदाब, मधुमेहाची तपासणी उपकेंद्रापर्यंत पोहोचली, हे मनापासून मान्य करते. पण एक पद नव्याने देऊन जुनी रिकामी ठेवली तर भार फक्त एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या बायकांना शिकवून आरोग्याचे काम उभे केले. त्या बायकांचे कौतुक खूप झाले. त्यांच्या पाठीशी गावोगाव जाणारे डॉक्टर आणि परिचारिकांचे फिरते पथक होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

जिल्हा परिषदेला विनंती आहे की, प्रत्येक केंद्राच्या दारावर पदनिहाय फलक लावावा: मंजूर किती, भरलेली किती, रिक्त किती. त्यात प्रतिनियुक्तीचा वेगळा रकाना हवाच, कारण कागदावर पद भरलेले आणि माणूस मात्र तालुक्याच्या कार्यालयात, असे सर्रास चालते. आपल्या वार्ताहरांनीही डॉक्टरांबरोबर तंत्रज्ञ, औषधनिर्माण अधिकारी आणि आरोग्यसेवकांच्या रिक्त जागा छापाव्यात.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका,
नाशिक जिल्हा