योहानाच्या त्या वचनाबद्दल

अहिल्यानगर

प्रिय अविनाश,
सप्रेम सलाम.

पुतिन यांनी सभेत म्हटलेलं वचन खरंच तुमच्या बायबलमधलं आहे का, असं तू फोनवर विचारलंस. आहे. तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

18 मार्च 2022 ला मॉस्कोच्या लुझनिकी स्टेडियममध्ये त्यांनी युक्रेनमध्ये लढणाऱ्या सैनिकांचं कौतुक करताना योहानाच्या शुभवर्तमानातल्या 15:13 या वचनाचा आधार घेतला : मित्रांसाठी प्राण द्यावा यापेक्षा मोठी प्रीती नाही. येशूने हे शिष्यांना अटकेच्या रात्री सांगितलं. त्याच रात्री पेत्र या शिष्याने तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा कान कापला, तेव्हा येशू त्याला म्हणाला, तलवार म्यानात घाल. तीनच अध्याय पुढे हे आहे, रे! तिथवर वाचलं तर ते वचन दुसऱ्याच्या देशात रणगाडे घालणाऱ्यांच्या तोंडी शोभत नाही. येशूने स्वतःचा प्राण दिला, कुणाचा घेतला नाही.

मला त्याहून जास्त लागलं ते रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख, पॅट्रिआर्क किरिल यांचं बोलणं. रशियात सैन्यभरतीचा हुकूम निघाला आणि चारच दिवसांनी, 25 सप्टेंबर 2022 ला, त्यांनी उपदेशात सांगितलं की कर्तव्य बजावताना मरणाऱ्याची सगळी पापं धुतली जातात. अविनाश, पापं ख्रिस्ताच्या रक्ताने धुतली जातात हे आम्ही संडे स्कूलपासून शिकतो. तिथे कोवळ्या शिपायाचं रक्त आणून ठेवायचं? माझ्या लेखी ही श्रद्धेच्या गाभ्यालाच दिलेली धडक आहे.

तू जुन्या करारातलं यहोशवाचं पुस्तक पुढे करशील, जिथे देवाच्या नावाने युद्ध होतं. त्यातली यरीहो शहराची कत्तल वाचताना मीही अडखळतो, आणि तिचं सोपं उत्तर माझ्याजवळ नाही. आपलं घर वाचवायला शस्त्र उचलणाऱ्या युक्रेनी माणसालाही मी दोष देणार नाही. पण हल्ला करणाऱ्याने वधस्तंभाचं नाव घेऊ नये, एवढं मला स्वच्छ दिसतं.

मॉस्कोतल्याच इओआन कोवाल नावाच्या पाळकांनाही ते दिसलं. किरिल यांनी ठरवून दिलेल्या प्रार्थनेत ते ‘विजय’च्या जागी ‘शांती’ म्हणत. कुणीतरी तक्रार केली, आणि 2023 मध्ये त्यांचं याजकपद काढून घेतलं. पुढे कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे दुसऱ्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या, पॅट्रिआर्कने ते परत दिलं. त्यानंतर ते तुर्कस्तानात अंताल्याला उपासना चालवू लागले.

योहानाचे 13 ते 18 अध्याय एका बैठकीत वाच, तासभरही लागणार नाही. मग भांडायला ये. वहिनींना सलाम सांग.

तुझा,
सुधीर