रविवारी वेताळ येतोय, लक्षात आहे ना?

सर्व सभासदांना आठवण. येत्या रविवारी संध्याकाळी साडेसहाला, महाल भागातल्या आपल्या नेहमीच्या गच्चीवर 'विक्रम और बेताल'. दूरदर्शनवरची १९८५ची मालिका, रामानंद सागरांचीच.

परवा एक भाग आधी बघून घेतला. लहानपणी तो पांढऱ्या केसांचा वेताळ दिसला की मी आजीच्या पदरात तोंड खुपसायचो. आता नजर जाते टोपाच्या कडेवर. उडताना तर हसूच येतं. पण वेताळ झालेले नट सज्जन, त्यांचा तो आवाज! खरं सांगतो, उठून दिवा लावला. आणि विक्रम झालेले अरुण गोविल पुढे १९८७मध्ये राम झाले, त्यामुळे आता प्रभू रामचंद्रच प्रेत खांद्यावर घेऊन निघाल्यासारखे वाटतात. इलाज नाही.

वेताळाने प्रश्न टाकला की तिथेच थांबवायचं. उत्तर आधी आपण द्यायचं, मग विक्रम. वेताळ पंचविशीतल्या त्या डोकी बदललेल्या दोघांवर मागे घरीच तासभर भांडण झालं होतं, म्हणून मुलांनाही आणा.

चटई आपापली. तर्री-पोहे आहेत, शुक्रवारपर्यंत डोकी कळवा. मागच्या वेळी शेवटच्या चौघांना नुसती तर्री मिळाली होती.