आता लॅबचं विचारतो

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

कुलगुरुपदाचं पत्र तू मोबाईलवर पाठवलंस, आई ते मोठं करून करून वाचत बसली. दादाला तिनेच कळवलं. काल मी फोनवर आधी लॅबचंच विचारलं आणि तू चिडलीस. ‘बाबा, अभिनंदन तरी म्हणा!’ तर अभिनंदन, अगदी मनापासून. साहेबांच्या सहीसाठी केबिनबाहेर ताटकळण्यात माझी नोकरी गेली, आता माझ्या मुलीच्या सहीने पदव्या निघणार. हे मी कालपासून ज्याला त्याला सांगतोय.

आता लॅबचं विचारतो.

दुसऱ्या वर्षाला असताना तू त्या जर्मन यंत्रशास्त्रज्ञाचा, रुलोचा, तो फुगीर त्रिकोण काढून दाखवला होतास. कुठूनही मोजा, रुंदी तेवढीच. मी तुला ग्राइंडिंगची एक रिजेक्ट पिन आणून दिली. मायक्रोमीटर सगळीकडून एकच माप दाखवत होता, पण पिन काही भोकात जाईना. मग व्ही-ब्लॉकवर, त्या खाचेच्या ठोकळ्यावर, ठेवून वर डायल गेज लावून फिरवली, तर एका फेरीत डायलचा काटा तीनदा वर-खाली. जेवायला हाका मारल्या तरी तू फिरवतच होतीस. उद्यापासून निकालाचे, भरतीचे, बांधकामाचे अहवाल तुझ्या टेबलावर येतील ना, ते त्या पिनेसारखेच असतील. माप चोख, आणि गोल नाहीत. ते फिरवून बघायची सवय तुला लॅबने लावली. बैठकांमध्ये ती किती टिकेल?

रुलोचंच बघ. १८९० साली तो बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाचा रेक्टर, म्हणजे कुलगुरूच झाला, हे मला तूच सांगितलंस. त्याच्या किती तरी आधी, १८७६ मध्ये, फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनातून त्याने आपल्याच देशाच्या मालाला ‘स्वस्त आणि वाईट’ म्हटलं. तेव्हाही तो बर्लिनच्याच एका तांत्रिक संस्थेचा प्रमुख होता. बोलणी खाल्लीच असणार. पण ज्याने यंत्ररचनांची शेकडो मॉडेलं करवून घेतली, त्याला माल कळत होता, म्हणून बोलू शकला. तुझ्या खुर्चीला...

राहू दे. पुन्हा भाषण सुरू झालं माझं. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं, रागावू नकोस.

पण तू विभागप्रमुख झालीस ते पहिलं वर्ष आई अजून विसरलेली नाही. तेव्हा रात्री तू लॅबमधून फोन करायचीस, मागे बेअरिंग तपासायच्या यंत्राची, त्या टेस्ट रिगची, घरघर चालू असायची. ती ऐकू आली की मला वाटायचं, पोरगी ठीक आहे. घरून फोन केलास की मात्र काळजी. आता तुझा फोन बंगल्यावरून येणार, मग मी काय ऐकायचं?

तुझ्या पीएचडीच्या पोरांना आता कोण बघणार? आठवड्यातली एक दुपार तरी त्यांच्यासाठी ठेव, आणि ती पीएच्या डायरीत आधीच लिहवून घे, नाहीतर कुणीतरी उद्घाटनाला नेईल. लॅबची किल्ली कुणाला दिलीस तेही कळव. कुणालाच दिली नसशील तर उत्तमच.

तुझे,
बाबा