बिडाची किटली, जपानची

संपादक साहेब, नमस्कार. भाचीने जपानहून बिडाची किटली आणली, तेत्सुबिन म्हणतात तिला, आणि महिना झाला मी रोज सकाळी तिच्यातच पाणी उकळतोय म्हणून हे लिहितोय. हातात घेतली की आईचा बिडाचा तवाच आठवतो, तसाच जडपणा, वर अंगभर बारीक टपोरे दाणे, त्या नक्षीला तिकडे अरारे म्हणजे गाराच म्हणतात. इवाते प्रांतात मोरिओका आणि ओशूला हे काम चालतं, नांबू तेक्की नाव, १९७५ साली सरकारने पारंपरिक कला म्हणून मान्यता दिली.

तेत्सुबिनमध्ये चहापत्ती टाकायची नाही, नुसतं पाणी, ओतून झालं की झाकण काढून तिच्याच गरमीवर वाळू द्यायची नाहीतर गंजते. आतून इनॅमल लावलेली मिळते ती वेगळी, ती चहा मुरवायला, गॅसवर अजिबात ठेवू नका.

आपल्या किर्लोस्करवाडीत शंभर वर्षांपूर्वी लोखंडी नांगर तयार व्हायचे, आजही जिल्ह्यात फाउंड्र्या आहेत, मग कोणीतरी अशी किटली ओतून बघा की, पहिलं गिऱ्हाईक मी.

- एक वाचक, सांगली