स्वस्तातलं पिस्तूल आणि तुमचे तीन रविवार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. मागे एकदा मी बोलायला सुरुवात केली तेव्हा तुम्ही छर्‍यांची डबी लेकीच्या हातात देऊन विषय संपवलात. शिवाय तीन वर्षांपूर्वी मी ज्या पेचात होते, त्याच पेचात आज बरेच आईबाप असणार. मुलगी 10 मीटर एअर पिस्तूल, म्हणजे हवेच्या दाबाने छर्रा सोडणार्‍या पिस्तुलाने 10 मीटरवर नेम धरायचा खेळ, शिकायला लागलेली, क्लबचं पिस्तूल आठवड्यातून जेमतेम दोन तास वाट्याला येणारं, स्पर्धेच्या दर्जाचं नवं घेण्याची ऐपत नाही. मग स्वस्तातलं घ्यावं, की पैसे साठेपर्यंत थांबावं?

मी तेव्हा भेटेल त्याला विचारत होते. कुणी म्हणे, स्वस्त घेतलंत तर दोनदा घ्यावं लागेल. कुणी म्हणे, सुरुवातीला काहीही चालतं. दोन्ही उत्तरं ऐकून मी घरी यायचे आणि पुन्हा तिथेच असायचे. तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या हातात तीन पिस्तुलांची नावं आणि किमती लिहिलेला कागद होता. तो तुम्ही बघितलाच नाहीत. लेकीला म्हणालात, "हात दाखव."

तिचा पंजा तुम्ही स्वतःच्या पंजाशेजारी धरून बघितलात. मग क्लबचं पिस्तूल रिकामं आहे ना हे आधी स्वतः तपासलंत, मग तिला तपासायला लावलंत, आणि तिच्या हातात दिलंत. "लक्ष्याकडे धर, डोळे मीट, हात खाली आण, परत वर ने, आता उघड. पुढची साईट, नेम धरायचा नळीवरचा खुंट, कुठे दिसते?" ती म्हणाली, डावीकडे. पाच वेळा केलं, पाचही वेळा डावीकडेच. तुम्ही म्हणालात, "ग्रिप, म्हणजे ही मूठ, हिच्यासाठी मोठी आहे. वर्षभर ही मनगट वळवून नेम लावतेय." आम्हाला कुणालाच हे दिसलं नव्हतं. पिस्तूल विकत घेण्याआधी हात बघायचा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

मग कागद घेतलात. पहिलं पिस्तूल नवंकोरं होतं, सीओटूवर, म्हणजे नळकांडीत भरलेल्या कार्बन डायऑक्साईडवर चालणारं, दिसायला रुबाबदार, आणि तिघांत सगळ्यात स्वस्त. लेकीचा जीव त्यावरच होता. ते तुम्ही एकदम मोडीत काढलं नाहीत. तिच्या ओळखीतल्या एका मुलाकडे तसंच पिस्तूल होतं, ते मागवलंत आणि तिला भराभर गोळीबार करायला लावलंत. सुरुवातीचे छर्रे एका उंचीवर, शेवटचे बोटभर खाली. मग तिचं बोट पिस्तुलाच्या धातूवर ठेवलंत. गार पडला होता. नळकांडीतला द्रव वायू होताना उष्णता ओढून घेतो, नळकांडी थंड होते, दाब उतरतो आणि छर्‍याचा वेग कमी होतो, हे तुम्ही तिला धातूला हात लावून समजावलंत. एके काळी स्पर्धेची कित्येक उत्तम पिस्तुलंही सीओटूवर चालायची हेही सांगितलंत, म्हणजे दोष सीओटूचा नव्हता. या पिस्तुलाची मागची साईट पक्की बसवलेली, हलवता न येणारी, आणि ट्रिगर इतका जड की तो ओढताना अख्खं पिस्तूल हलायचं. ते डब्यांवर नेम धरायला बनवलेलं होतं. ज्या मुलीला 11.5 मिलिमीटरच्या, दहा गुणांच्या वर्तुळात छर्रा घालायचाय तिच्यासाठी नव्हतं.

दुसर्‍या पिस्तुलाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण तिथे मी फसणारच होते. नावाजलेल्या कंपनीचं, वापरलेलं, दाबाखालच्या हवेच्या सिलिंडरवर चालणारं. तसंच नवं घ्यायला गेलं तर आमच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले असते, आणि हे जवळजवळ तिसर्‍या हिश्श्यात मिळत होतं. पेटी होती, हत्यारं होती, ग्रिपही लेकीच्या हाताच्या मापाची. मी मनातल्या मनात सौदा करून टाकला होता. तुम्ही पिस्तुलाकडे न बघता सिलिंडर फिरवून काढलंत, खिशातलं भिंग काढलंत आणि त्यावर कोरलेली तारीख वाचलीत. अकरा वर्षांपूर्वीची.

विकणारा म्हणाला, "अजून व्यवस्थित चालतंय की." तुम्ही आवाज न चढवता त्याला सांगितलंत की या सिलिंडरमध्ये 200 बार दाब भरला जातो, बनवणार्‍याने त्याला दहा वर्षांची मुदत दिलेली आहे, आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. त्याची मुदत सांभाळणं ही नेमबाजाचीच जबाबदारी, असं आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियम सांगतो. नंतर मला बाजूला घेऊन म्हणालात, "स्पर्धेचं सोडा. पोरीच्या चेहर्‍यापासून हातभर अंतरावर असतं हे." नवं सिलिंडर, ते भरायचा पंप, आतल्या सगळ्या सीलची दुरुस्ती, हे सगळं तुम्ही त्याच कागदाच्या मागे लिहून बेरीज केलीत. तो तिसरा हिस्सा अर्ध्याच्या वर गेला. त्या माणसाचा मला राग नाही, त्याला कदाचित खरंच माहीत नसेल. पण वापरलेलं पिस्तूल इतकं स्वस्त का मिळतंय, याचं उत्तर कित्येकदा त्या कोरलेल्या तारखेत असतं. हे वाचणार्‍या प्रत्येकाने एवढं तरी लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

तिसरं पिस्तूल मी यादीत नुसतं जागा भरायला लिहिलं होतं. जुनं, एका झटक्यात हवा दाबणारं. खालचा दांडा पुढे ओढायचा, छर्रा भरायचा, दांडा मिटवायचा, की एका गोळीपुरती हवा तयार. सिलिंडर नाही, सीओटूची नळकांडी नाही. लाकडी ग्रिप कुणाच्या तरी घामाने काळी पडलेली. लेकीने ते उचललं आणि माझ्याकडे असं बघितलं की माझ्या पोटात कालवलं.

त्या पिस्तुलावर तुम्ही दोन रविवार घालवलेत, काका.

पहिल्या रविवारी दांडा मिटवून तुम्ही ते कानाशी धरलंत आणि आम्हा दोघींना गप्प बसायला सांगितलंत. अगदी बारीक फुसफुस ऐकू येत होती. वेग मोजायच्या यंत्रासमोर लगेच सोडलेला छर्रा आणि दोन मिनिटं थांबून सोडलेला छर्रा यांत मोठा फरक पडला. मला वाटलं, संपलं. तुम्ही म्हणालात, "सील, हवा अडवणारं आतलं रबर, सुकलंय. पिस्तूल मेलेलं नाही." विकणार्‍यालाही तुम्ही दोष उघड दाखवलात, त्याने किंमत उतरवली, आणि नव्या सीलसकट ते पुढच्या रविवारी टेबलावर आलं. या वेळी दहा छर्रे सोडले तर दहाही सेकंदाला 130 मीटरच्या आसपास, दोन-तीन मीटर इकडेतिकडे.

मग ट्रिगर. नळी सरळ वर धरून ट्रिगरला 500 ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि टेबलावरून उचलायचं. वजन उचललं गेलं तर पास, चाप सुटला तर नापास. पहिल्यांदा उचललंत तर 'टक्' आवाज आला. स्क्रू पाव फेरा फिरवलात, परत टक्. तिसर्‍यांदा वजन टेबलावरून उचललं गेलं आणि लटकत राहिलं. लेकीने श्वास रोखून धरला होता. मग तिला चाप ओढायला दिलात. आधी थोडा सैल प्रवास, मग बोटाला भिंत लागल्यासारखं, आणि तिथून कुठे न अडखळता सुटणं. ती म्हणाली, "क्लबच्या पिस्तुलासारखंच लागतंय." त्या वाक्यानंतर तिचा चेहरा बदलला.

पण मला जे जन्मभर आठवेल ते त्यानंतरचं. चामड्याची पट्टी गुंडाळून पिस्तूल शिकंज्यात बसवलंत, 10 मीटरवर कागद लावलात आणि पाच छर्रे सोडलेत. कागदावर एकच फाटकं भोक. कॅलिपर लावलात तर बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत 9 मिलिमीटरच्या थोडं वर. छर्राच मुळी 4.5 मिलिमीटरचा. मग दुसरा कागद लावून लेकीला पाच मारायला सांगितलंत. चार काळ्या गोलात कुठेकुठे, एक बाहेर. काळा गोल 59.5 मिलिमीटरचा. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवलेत आणि पहिल्यावर बोट ठेवून म्हणालात, "पिस्तुलाची चूक एवढी." दुसर्‍यावर बोट ठेवलंत आणि काहीच बोलला नाहीत. लेक बराच वेळ दोन्ही कागद बघत उभी होती. मग स्वतःहून म्हणाली, "आई, हेच घेऊया."

परवान्याचे आणि नोंदणीचे नियम तपासून, कागदपत्रं पुरी करून आम्ही ते घेतलं.

त्याची उणीव तुम्ही आधीच सांगितली होतीत, म्हणून नंतर तक्रारीला जागाच राहिली नाही. 60 गोळ्यांची फेरी, 75 मिनिटं, त्याआधी सरावाच्या गोळ्या, आणि प्रत्येक गोळीला तो दांडा ओढून मिटवायचा. चौदा वर्षांच्या मुलीच्या हाताला चाळिसाव्या गोळीपासून कंप सुटायचा. पिस्तूल टेबलावर टेकवून, नळीचं तोंड लक्ष्याकडेच ठेवून दांडा डाव्या हाताने कसा मिटवायचा हे तुम्ही तिच्याकडून शंभरदा करून घेतलंत. एकदा तिचं लक्ष नसताना नळी जरा बाजूला वळली, तर तुम्ही त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवलात. ती रडली. मलाही तेव्हा कडक वाटलं होतं. आज तिची नळी कधी वळत नाही.

ग्रिपसाठी तुम्ही सुतार भेगा बुजवायला वापरतात ती लांबी वापरलीत. तळव्याखाली थोडी थापायची, तिने घट्ट धरायचं, सुकल्यावर कानशीने घासायचं, मग परत डोळे मिटून हात वर न्यायचा. चार आठवड्यांत पुढची साईट मधोमध यायला लागली. महागड्या ग्रिपला बसवता आले असते तितके सगळे स्क्रू त्यात नव्हते, पण तिचा हात त्यात बसला. वाचलेल्या पैशांतून सपाट डोक्याचे छर्रे घ्यायला लावलेत. त्यातही 4.48, 4.49 आणि 4.50 मिलिमीटर अशी तिन्ही मापं शिकंज्यातून मारून बघितलीत. आमच्या पिस्तुलाला 4.49 मानवलं. आणि दर वेळी सराव संपला की शिसं लागलेले हात साबणाने धुतल्याशिवाय काहीही तोंडात घालायचं नाही, हे तुमचं ओरडणं. घरी मी आता त्याच सुरात ओरडते.

आणखी एक गोष्ट तुम्ही घ्यायच्या आधी तपासली होतीत, जी मला कधीच सुचली नसती. हवा न भरता नुसता ट्रिगर चढवून ड्राय फायर, म्हणजे छर्‍याशिवाय चाप ओढायचा सराव, करता येतं का? येत होतं. म्हणून ती घरी रोज अर्धा तास कोर्‍या भिंतीसमोर, छर्‍यांची डबी दुसर्‍या खोलीत ठेवून, चाप ओढत राहिली. मला वाटतं तिचा नेम रेंजवर कमी आणि त्या भिंतीसमोर जास्त तयार झाला.

पहिल्या स्पर्धेत 600 पैकी 489. दोन वर्षांनी 547. त्याच पिस्तुलाने.

महागड्या पिस्तुलाला काही अर्थच नाही असं मी म्हणणार नाही, तसं तुम्हीही कधी म्हणाला नाहीत. गेल्या महिन्यात क्लबने तिला सिलिंडरवालं पिस्तूल वापरायला दिलं. पहिल्याच पुर्‍या फेरीत सहा गुण वाढले. शेवटच्या दहा गोळ्यांत हात थरथरला नाही. ते सहा गुण खरे आहेत आणि तिच्या कष्टाला ते मिळायलाच हवेत. पण हेच पिस्तूल तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून घेतलं असतं, तर चाळीस गुण मनगट वळवण्यात घालवणार्‍या हाताला त्या सहांचा पत्ताही लागला नसता. आणि ते जुनं सिलिंडर घेतलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी फार लांबवत नाही.

तुम्ही कसलेही पैसे घेतले नाहीत. सीलचेसुद्धा नाहीत. तीन रविवार, नंतरचे कितीतरी, ते भिंग, ती कानशी, आणि माझ्या मुलीला तिच्याच डोळ्यांनी बघून ठरवू देणं, या सगळ्यासाठी मी तुमची मनापासून ऋणी आहे. तुम्ही आम्हाला "घ्या" म्हणाला नाहीत आणि "घेऊ नका"ही म्हणाला नाहीत, याचं मोल मला दर महिन्याला जास्त कळतंय.

एक काम आहे. जुनं पिस्तूल आता क्लबमधल्या एका मुलाला द्यायचं ठरलंय. त्याची आई मला परवा तोच प्रश्न विचारत होती, हातात कागद घेऊन. लेकीने सील स्वतः बदललंय, कानाशी धरून ऐकलंय, फुसफुस नाही म्हणते. ग्रिपची लांबी तिने सगळी खरवडून काढली, कारण त्या मुलाचा पंजा मोठा आहे. पुढच्या रविवारी तो येतोय. तुम्ही ते 500 ग्रॅमचं वजन घेऊन या, उचलणार ती आहे.

तुमची,
सहाव्या लेनवरच्या मुलीची आई